मिठाचा दिवा खरा की खोटा: पारख करायची तर पाणी हाताशी ठेवा

"सॉल्ट लॅम्प, म्हणजे आत बल्ब असलेला मिठाच्या दगडाचा दिवा, घ्यायचा आहे. एक विक्रेता सांगतो, आमचा दिवा कधीच ओला होत नाही, म्हणून तो अस्सल. दुसरा सांगतो, ओला होतो तोच अस्सल. नक्की काय पाहून घ्यावं? घरात एक जुना दिवाही आहे, त्याच्यावर पांढरे चट्टे आलेत. तो नकली निघाला म्हणायचा का?" असा प्रश्न आहे.

दोघांपैकी दुसरा विक्रेता सत्याच्या जास्त जवळ आहे. पण त्याच्या बोलण्यात एक अट सांगायची राहून गेली आहे, आणि ती अट कळली की बरंचसं काम होतं. जुन्या दिव्याचं शेवटी सांगतो.

खनिजं आणि दगडी शोभेच्या वस्तू पारखून घेणं हे माझं रोजचं काम. मिठाच्या दिव्याच्या खरेपणाच्या म्हणून ज्या खुणा सगळीकडे सांगितल्या जातात, त्यातल्या बऱ्याचशा खुणा दगडाबद्दल काहीच सांगत नाहीत. मंद केशरी उजेड, लाकडी बैठक, हाताला लागणारं वजन, खोक्यावरचं बर्फाच्छादित शिखर हे सगळं रेझिनच्या, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकसारख्या राळेच्या दिव्यालाही जमतं. नकली मालाला जमत नाही अशी गोष्ट एकच: पाण्यात विरघळणं. एक लिटर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळतं. काच, प्लास्टिक, रेझिन, संगमरवर यांतलं काहीच विरघळत नाही. म्हणून कुठल्याही चाचणीबद्दल पहिला प्रश्न हा विचारायचा की, ती मिठाच्या विरघळण्यावर किंवा त्याच्या स्फटिकावर बेतलेली आहे का? नसेल तर ती फार तर दुजोरा देईल, निकाल देणार नाही.

आधी 'नकली' म्हणजे काय ते नीट वेगळं करून घेऊ, कारण या एका शब्दाखाली चार निरनिराळ्या तक्रारी येतात. पहिला प्रकार म्हणजे मीठच नसलेला दिवा: रंगवलेलं रेझिन, काच, प्लास्टिक, किंवा अलाबास्टर आणि कॅल्साइटसारखा दुसरा पारभासक दगड. दुसरा प्रकार मिठाचाच, पण खाणीतून अख्ख्या निघालेल्या खड्याचा नव्हे. मिठाचा चुरा रंग घालून साच्यात दाबलेला असतो. तिसऱ्यात दगड खरोखर शेंदेलोणाचा असतो, फक्त सांगितलेल्या ठिकाणचा नसतो. आणि चौथा, ज्याबद्दल लोक सगळ्यात कमी विचारतात, तो म्हणजे दगड शंभर टक्के खरा, पण आतली वायर, होल्डर आणि डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) टाकाऊ. माझ्या मते या चौथ्या प्रकाराची धास्ती सगळ्यात जास्त बाळगायला हवी.

ठिकाणाबद्दल थोडं सांगतो. 'हिमालयीन' म्हणून जे गुलाबी मीठ जगभर विकलं जातं, ते मुख्यतः पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतातून, झेलम जिल्ह्यातल्या खेवडा खाणीतून आणि आसपासच्या डोंगररांगेतून येतं. या रांगेचं नावच सॉल्ट रेंज. पोटवार पठाराच्या दक्षिण कडेला ती उभी आहे, हिमालयाच्या मुख्य रांगांपासून बरीच दूर. पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आटलेल्या उथळ समुद्राचं हे मीठ. पुढे भारतीय भूखंड आशियाला भिडला, त्या रेट्यात मऊ मिठाचा हा थर वरच्या खडकांसह घसरत उचलला गेला आणि डोंगराच्या कडेला उघडा पडला. खाणीत 'खोली आणि खांब' पद्धतीने काम चालतं, म्हणजे मीठ काढताना छत तोलायला मिठाचेच खांब मागे ठेवले जातात. या मिठात बहुतांश सोडियम क्लोराइडच असतं. गुलाबी-तांबडा रंग येतो तो लोहाच्या ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांमुळे, आणि गढूळ तपकिरी पट्टे येतात ते मातीमुळे. गुलाबी शेंदेलोण पोलंडमधल्या क्लोदावा खाणीतही निघतं आणि त्याचेही दिवे बनतात. ते नकली नव्हेत. त्यांना कुणी हिमालयीन म्हणून विकलं तर नाव खोटं आहे, दगड खरा आहे.

आता प्रत्यक्ष दिवा समोर आहे असं धरू. दिवा बंद हवा, प्लग काढलेला हवा, दगड गार हवा. बोट पाण्यात बुडवून झटका, म्हणजे थेंब ओघळणार नाही. दगडाच्या मागच्या बाजूला, नजरेत न भरणाऱ्या जागी ते ओलं बोट दहा-पंधरा सेकंद गोल गोल घासा. मीठ असेल तर आधी बोट सरकतं, मग किंचित बुळबुळीत लागतं, आणि पाणी सुकत आलं की तीच जागा चिकट होत खरखरीत होते. पाच-दहा मिनिटांनी तिथे बघा. चकाकी गेलेली असते आणि कडेला पांढुरकी रेघ उमटलेली असते. काचेवर किंवा रेझिनवर पाणी नुसतं सुकून जातं, पृष्ठभाग होता तसाच राहतो.

मग चव. दिव्याला जीभ लावू नका, तो किती जणांच्या हातातून आलाय ते आपल्याला ठाऊक नसतं. बोटाची चवही पहिल्या घासण्यानंतर घेऊ नका. वाहतुकीत शेजारच्या खऱ्या दिव्याचं पीठ उडून नकली दिव्यावर बसलेलं असू शकतं, किंवा त्यावर मिठाचा हात मुद्दाम फिरवलेला असू शकतो. ती जागा ओल्या फडक्याने दोनदा पुसा, तिसऱ्यांदा स्वच्छ ओलं बोट घासा आणि मग चाखा. तरीही खारट लागलं तर खारटपणा दगडाचाच आहे.

अलाबास्टरसाठी ही चाचणी विशेष कामाची आहे, कारण बाकी सगळ्या बाबतींत तो फसवतो. अलाबास्टर म्हणजे बारीक कणांचं जिप्सम. तो मिठासारखाच पारभासक, गुलाबी-केशरी शिरांचा, आणि जवळपास तेवढाच मऊ असतो. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर मीठ दोन ते अडीचच्या दरम्यान, जिप्सम दोनवर. नखाने ओरखडून 'मऊ आहे, म्हणजे मीठ' असं कुणी ठरवलं तर अलाबास्टर आरामात पास होईल. पण जिप्सम एक लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं आणि त्याला खारट चव नसते. ओल्या बोटापुढे त्याचं सोंग टिकत नाही.

एक अडचण मात्र येते. काही उत्पादक खऱ्या मिठाच्या दिव्यावर पारदर्शक लाखेचा किंवा वार्निशचा हात देतात, म्हणजे दिवा पाझरू नये. अशा दिव्यावर ओलं बोट काहीच सांगणार नाही. तेव्हा दिवा उलटा करा, बल्ब आणि होल्डर बाहेर काढा आणि पोकळीत बघा. मी तर लेप असो वा नसो, पोकळी पाहिल्याशिवाय दिवा पसंतच करत नाही. दिव्याचा बाहेरचा भाग सजवलेला असतो, आतला भाग सहसा कुणी सजवत बसत नाही.

खऱ्या दिव्याची पोकळी खालून ड्रिलने पाडलेली असते. भिंतीवर गोल गोल चरे दिसतात, कोपऱ्यात पांढरं-गुलाबी पीठ अडकलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून दगड हळूहळू फिरवा. ठिकठिकाणी चिमुकले सपाट पैलू एकदम चमकून जातील. मीठ घनाकार स्फटिकांत जमतं आणि एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन दिशांनीच स्वच्छ फुटतं, त्यामुळे जिथे टवका उडालेला असेल तिथे पायरी-पायरीसारख्या काटकोनी कडा दिसतात. काच आणि रेझिन फुटताना शिंपल्यासारखे वळणदार टवके उडतात. कॅल्साइटही सपाट फुटतो, पण त्याचे तुकडे कलते असतात, त्यांत काटकोन सापडत नाही. रेझिनच्या पोकळीत साच्याचा गुळगुळीतपणा, हवेचे बुडबुडे किंवा दोन अर्ध्या भागांच्या जोडाची रेघ दिसते. दाबून बनवलेल्या मिठात सगळीकडे सारखा बारीक रवा दिसतो, मोठा स्फटिक कुठेच नाही. आणि रंगवलेला दगड तर इथेच उघडा पडतो: बाहेर गडद केशरी, आत फिकट पांढरा.

घरपोच मागवलेल्या दिव्याच्या खोक्यात तळाशी चुरा किंवा एखादा टवका पडलेला असतो. लोक तो झटकून टाकतात. टाकू नका, तो फुकट मिळालेला नमुना आहे. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या, त्यात टवका सोडा आणि ढवळू नका. टवक्यापासून धुरासारख्या पारदर्शक लाटा खाली उतरताना दिसतात, ते जड खारं पाणी. काही तासांत टवका झिजत झिजत नाहीसा होतो आणि ग्लासाच्या बुडाशी तांबूस-तपकिरी गाळाची चिमूट उरते. वरचं पाणी नितळ राहतं. हा गाळ म्हणजे माती आणि लोहाचं ऑक्साइड, दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत. रंग घातलेल्या मिठाचं पाणी मात्र वरपासून खालपर्यंत एकसारखं गुलाबी किंवा केशरी होतं. दाबलेलं मीठ झिजण्याआधीच विस्कटून त्याचा रवा तळाशी पसरतो. माल नाकारायचा झाला तर मला या ग्लासाइतका भक्कम पुरावा दुसरा लागत नाही. त्याचा फोटो काढून ठेवा.

आता त्या दोन विक्रेत्यांच्या भांडणाकडे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्या पाण्यात स्वतःच विरघळू लागतं. मॅग्नेशियमचे क्षार थोडे जास्त असतील तर हे त्याआधीच सुरू होतं. कोरड्या हवेत तोच दिवा वर्षभर ठणठणीत कोरडा राहील. रोज बराच वेळ लावलेला दिवाही कोरडा राहतो, कारण कोमट पृष्ठभागाजवळच्या हवेची आर्द्रता उतरते. 'ओला होतो तोच अस्सल' या वाक्यातली राहून गेलेली अट ती हीच: हवा दमट हवी आणि दिवा बंद हवा. त्यामुळे कोरडा दिसतो म्हणून दिव्याला नकली ठरवू नका. पण 'कितीही दमट हवेत कधीच ओला होत नाही' असा दावा कुणी छातीठोकपणे करत असेल, तर एक तर त्यावर लेप आहे किंवा तो मिठाचा नाही.

उलट बाजूही लक्षात असू द्या. गार काचेवर दमट हवेतलं पाणी दवासारखं साचतं, त्यामुळे ओला दिसला की मीठच, असंही नाही. तो थेंब खारट आहे का आणि सुकल्यावर पांढरी खपली मागे राहते का, हे बघा. घरी खात्री करायची तर बल्ब आणि वायर पूर्ण काढून दगड झाकणाच्या डब्यात ठेवा, शेजारी ओलं फडकं ठेवा, ते दगडाला टेकू देऊ नका, आणि रात्रभर झाकण लावून ठेवा. लेप नसलेल्या मिठाला सकाळी पाझर फुटलेला असेल. वायर निघत नसेल तर हा प्रयोग टवक्यावर करा.

वजनाचा उपयोग नकली माल वगळण्यापुरता आहे. मिठाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.१६ ग्रॅम, साध्या रेझिनची १.१ ते १.२, काचेची २.५ आणि संगमरवराची २.७ च्या आसपास. १५ सेंटिमीटर व्यासाचा गोल दिवा घ्या. त्याचं घनफळ सुमारे १,७६७ घन सेंटिमीटर. आत पाच सेंटिमीटर रुंद आणि नऊ सेंटिमीटर खोल पोकळी असेल तर त्यातले १७७ वजा. उरलेलं मीठ सुमारे ३.४ किलो भरायला हवं. तेवढ्याच आकाराचं रेझिन दोन किलोच्या आत भरेल. बैठकीचं वजन वेगळं. पण रेझिनमध्ये दगडाची पूड मिसळली की वजन वाढतं, म्हणून वजन जुळलं एवढ्यावर विसंबू नका. हाताला गार लागण्याचंही तसंच. मीठ उष्णता चटकन वाहून नेतं म्हणून गार लागतं, रेझिन हात ठेवताच कोमट होतं. काच आणि संगमरवरही गारच लागतात.

दिवा लावून बघताना उजेड सगळीकडे सारखा आहे की कमी-जास्त, ते पाहा. खऱ्या दगडात जिथे जाडी कमी तिथे उजेड जास्त, जिथे मातीचा पट्टा तिथे काळोखी, मधूनच पांढरी शीर आणि आतल्या जुन्या भेगेचा चकाकता पडदा. सगळीकडून एकसारखा, एकाच छटेचा उजेड येत असेल तर वर सांगितलेल्या चाचण्या कसून करा. पांढरा किंवा राखाडी दगड नकली नसतो, त्यात लोह कमी असतं इतकंच. ठळक हिरवा, जांभळा किंवा निळा उजेड मात्र रंगीत बल्बचा किंवा रंगाचा असतो. निळं मीठ निसर्गात आहे, पण ते दुर्मीळ आहे आणि दिव्याच्या आकाराचे ठोकळे त्याचे मिळत नाहीत.

ऑनलाइन घेताना दगडाला हात लावता येत नाही, तेव्हा माझी पद्धत अशी. आधी वाईट अभिप्राय वाचायचे. "टेबलावर पाणी साचलं", "लाकडावर पांढरे डाग पडले", "वाहतुकीत कोपरा तुटला" अशा तक्रारी दिसल्या की दगड मिठाचा असण्याची शक्यता बळावते, कारण रेझिनबद्दल अशा तक्रारी कुणी करत नाही. ग्राहकांनी टाकलेल्या फोटोंत दोन दिवे शिरांसकट हुबेहूब सारखे असतील तर ते साच्यातून आले आहेत. छिन्नीने घडवलेल्या ओबडधोबड दिव्याचं वजन 'दोन ते तीन किलो' असं टप्प्यात दिलेलं असतं आणि ते साहजिक आहे. मूळ देश लिहिलेला आहे का ते पाहा. दुसऱ्या देशाचं नाव असलं तरी लगेच बाद करू नका, दगड एकीकडचा आणि जोडणी दुसरीकडची असू शकते. विक्रेत्याला थेट विचारा: लेप दिलाय का, आणि पोकळीचा फोटो पाठवाल का? या दोन प्रश्नांना सरळ उत्तर न देणाऱ्याकडून मी घेणार नाही.

'खरा दिवा ऋण आयन (ऋण विद्युतभार असलेले सूक्ष्म कण) सोडतो, तो लावल्यावर बरं वाटलं तर अस्सल' ही चाचणी कृपा करून सोडून द्या. मीठ ८०१ अंश सेल्सियसला वितळतं. १५ वॅटच्या बल्बने दगड कोमट होतो, तेवढ्या उष्णतेत मिठातून आयन सुटून हवेत जात नाहीत. हवा शुद्ध होते किंवा दमा कमी होतो याला पुरावा नाही, आणि दम्याच्या माणसाने या भरवशावर औषध कमी करणं धोक्याचं आहे. मला हे दिवे मनापासून आवडतात. कोट्यवधी वर्षं अंधारात असलेल्या दगडातून उजेड येताना पाहणं पुरेसं सुंदर आहे, त्यासाठी खोट्या दाव्यांची गरज नाही.

आता वायर. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेत सुमारे ८०,००० मिठाचे दिवे ग्राहकांकडून परत मागवले गेले. कारण दगड नव्हता, डिमर आणि प्लग जास्त तापून पेट घेण्याची भीती होती. खारं पाणी वीज वाहतं आणि तांब्या-पितळेला खातं. दिवा पाझरला की ते पाणी बैठकीतून होल्डरमध्ये आणि वायरवरून घरंगळत डिमरपर्यंत जातं. म्हणून खरेदीच्या वेळी होल्डर हातात घ्या. स्प्रिंगच्या पकडी घट्ट बसतात का, वायर जिथून बाहेर पडते तिथे ती ओढली तर हलते का, डिमरवर वॅट आणि व्होल्ट छापलेत का, तुमच्या देशात चालणारी सुरक्षेची अधिकृत खूण आहे का, हे बघा. बैठकीला हवा खेळायला भोकं असावीत. दोन-तीन किलोच्या दगडाला १५ वॅटचा बल्ब पुरतो, मोठ्याला २५. जास्त उजेडासाठी मोठा बल्ब लावला तर दगड तडकू शकतो. एलईडी लावलात तर वीज वाचेल, पण दगड तापणार नाही आणि दमट हवेत जास्त पाझरेल. लावल्यावर अर्ध्या तासाने डिमर आणि प्लगला हात लावून बघा. चटका बसण्याइतके गरम असतील तर दगड कितीही सुंदर असो, दिवा परत करा. दगड ठेवून वायरिंग नवं बसवून घेतलं तरी चालतं.

घरात मांजर किंवा कुत्रं असेल तर दिवा त्यांच्या तोंडी लागणार नाही असा ठेवा. खरा दिवा चाटत राहिल्याने त्यांच्या शरीरात सोडियम घातक पातळीपर्यंत वाढू शकतं.

आणि तुमचा जुना दिवा. त्या पांढऱ्या चट्ट्यांनी घाबरू नका. दमट दिवसांत पृष्ठभागावरचं थोडं मीठ विरघळलं, हवा कोरडी झाल्यावर ते पुन्हा बारीक कणांत जमलं, त्याचा हा थर आहे. चट्टे बोटाने खरवडून निघत असतील आणि खारट लागत असतील तर तुमचा दिवा मिठाचाच आहे. प्लग काढा, घट्ट पिळलेल्या फडक्याने चट्टे पुसा, लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या आणि दगड बैठकीसकट दिवसभर कोरड्या जागी वाळू द्या. तेल किंवा साबण लावू नका. परत लावण्याआधी बल्ब काढून होल्डरच्या आत बघा. तिथे हिरवट गंज चढला असेल तर वायर, होल्डर आणि डिमर तिन्ही बदला, आणि ते होईपर्यंत दिवा लावू नका.